कच्चं आहे तोवर

कुंभारमामांनी माझ्या लेकीचं, ओवीचं मडकं हातात घेतलं, बुडाखालून अंगठा फिरवला, एकदा उजेडाकडं धरून पाहिलं आणि दोन्ही तळव्यांत दाबून त्याचा गोळा केला. एवढं सहज, की माझ्या तोंडून "अहो मामा!" निघेपर्यंत ते मडकं राहिलंच नव्हतं. अर्धा तास खपून केलेलं होतं ते. तोंड एका बाजूला कललेलं, पोट दुसऱ्या बाजूला सुटलेलं, पण मडकंच. मी त्याचे चार फोटो काढले होते आणि घरातल्या फडताळावरची जागाही मनात ठरवून टाकली होती, पितळी समईच्या शेजारची. मामांनी तो गोळा परत ओवीच्या हातात दिला. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. तिनं गोळ्याकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं आणि विचारलं, "परत करू?"

रडू मला आलं होतं. त्या गोष्टीला आता सहा महिने होत आले, तरी ते का आलं हे मी शोधतेच आहे.

संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. आमच्या ओळखीतलं एक शिक्षक जोडपं आहे. दोघांनाही जुन्या वस्तूंचा, जुन्या मातीचा मनापासून नाद. त्यांनी सहा-सात कुटुंबं गोळा केली आणि तेरला एक दिवस घालवायचा बेत केला. सकाळी संग्रहालय आणि देवळं, मग पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर फेरफटका, दुपारी डबे, आणि उतरत्या उन्हात कुंभाराच्या अंगणात मुलांना चाकावर बसवायचं. मोठ्यांनीही बसायचं, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. लातूरहून आम्ही तिघं निघालो आणि वाटेत गावाकडून आईला घेतलं. आईला खापरांत काही रस नव्हता. तिला गोरोबाकाकांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, बाकी तुम्ही काय ते बघा, असं ती गाडीत बसतानाच म्हणाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती. काचा खाली केल्या की थंड वाऱ्याबरोबर कुठंतरी भाजल्या जाणाऱ्या हुरड्याचा वास आत यायचा.

तेरमध्ये शिरताना हे कुठल्या काळचं नगर होतं याचा काही पत्ता लागत नाही. टपऱ्या, ट्रॅक्टर, द्राक्षाच्या पेट्यांचे ढीग, शाळेची भिंत. आणि याच गावाचं नाव पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्या टिपणात लिहून ठेवलंय : पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरूच बंदराला येते. ते तगर म्हणजे हे तेर, हे फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९०१ साली दाखवून दिलं. कोकणातले शिलाहार राजे तर कित्येक शतकांनंतरही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. राज्य समुद्राकाठी आणि बिरुदात गाव मात्र हे, तेरणेकाठचं. लांब जाऊन राहिलेली माणसं गावचं नाव आडनावात घेऊन फिरतात, तसंच काहीसं. मला हे वाचल्यापासून त्या राजांबद्दल एक आपलेपणा वाटतो.

संग्रहालयाची गोष्ट मला त्यातल्या वस्तूंइतकीच आवडते. रामलिंगप्पा लामतुरे हे गावातले व्यापारी. शेतात नांगर फिरला, पाऊस पडून पांढर धुऊन निघाली की गावात कुणाला ना कुणाला काहीतरी सापडायचं, आणि ते हा माणूस जपून ठेवायचा. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या. आज त्यांच्या नावानं सरकारी संग्रहालय आहे. तिथल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती मी काचेला नाक लावून पाहिल्या. दुहेरी साच्यात काढलेल्या, आतून पोकळ, वजनाला हलक्या. पण डोक्यावरचे केशसंभार असे की त्यापुढं आजच्या नवरीनंही मान खाली घालावी. तेरलाच सापडलेली ती हस्तिदंती स्त्रीही प्रसिद्धच आहे. तिच्यासारखीच एक थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली १९३८ साली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीनं ते शहर गाडलं, म्हणजे त्याच्या आधी कधीतरी ती आपल्या बाजूनं तिकडं पोचली असणार. शिक्षकांनी हे सांगितलं तेव्हा मोठी माणसं "अरे वा" म्हणाली. ओवीनं विचारलं, "ती एकटीच गेली?"

आईला त्रिविक्रमाच्या देवळात बरं वाटलं. ते देऊळ विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल, आत गेलं की वर कमानीसारखं छत. ते आधी बौद्धांचं चैत्यगृह असावं, असं बरेच जण मानतात. आत बळीच्या गोष्टीतला विष्णू पाय उचलून उभा आहे. त्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणतात, इतक्या हलक्या. मातीत भुसा कालवून भाजलं की भुसा जळून जातो आणि त्याची जागा पोकळ राहते, एवढं साधं त्यामागचं गणित. ओवीनं भिंतीला हात लावला आणि हळूच म्हणाली, "हे देऊळ नदीत टाकलं तर होडी होईल." आईनं तिला दटावलं नाही. देवळात आई कुणालाच दटावत नाही.

मग आम्ही पांढरीवर गेलो.

आपल्याकडं काळी आणि पांढरी हे शब्द शेतकरी किती सहज वापरतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलीची राख, शेणामातीचे लिंपण, पडलेल्या भिंती, उकिरडे, हाडं, खापरं हे सगळं शेकडो वर्षं एकावर एक साचत गेलं की जमिनीचा रंगच बदलतो. जिथं माणूस राहिला तिथली माती पांढरी पडते, हे ओळखायला आपल्या लोकांना कुठला शास्त्रज्ञ लागला नाही, भाषेनंच ते सांगून ठेवलं. या पांढरीची माती खत म्हणून शेतात ओढून नेण्याची रीतही जुनी. म्हणजे गाव संपलं की त्याची राख पुन्हा काळीत जाते आणि ज्वारी होऊन वर येते. किती जुन्या टेकाडांचं असं पीक झालं असेल, ते त्या ज्वारीलाच ठाऊक. इतिहासाच्या अंगानं पाहिलं तर हे मोठंच नुकसान, आणि मला ते मनापासून खुपतं. पण ज्या माणसाच्या रानात चार गाड्या खत लागतं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, हेही मला कळत नाही.

त्या उतारावर पाय ठेवावा तिथं खापरं होती. खोटं वाटेल, पण अक्षरशः पायाखाली कुरकुरत होती. लाल, विटकरी, राखाडी, आणि एक बाजू काळी तर दुसरी तांबडी अशी. शिक्षकांनी आधीच सांगून ठेवलं होतं : बघायचं, हातात घ्यायचं, ओळखायचं आणि जिथून उचललं तिथंच परत ठेवायचं. खिशात टाकलेलं खापर म्हणजे पोथीतून फाडलेलं पान. वाचता येतं, पण मागचं-पुढचं काही कळत नाही. त्यांच्याकडं एक तक्ता होता, एकात एक काढलेल्या वर्तुळांचा. काठाचा तुकडा त्यावर उभा धरायचा आणि कुठल्या वर्तुळाशी त्याचा बाक जुळतो ते पाहायचं, की भांड्याचं तोंड केवढं होतं ते समजतं. चार बोटं रुंदीच्या तुकड्यावरून सगळं भांडं उभं राहतं. मुलं त्या तक्त्याभोवती अशी जमली, जशी यात्रेत पोपटवाल्याभोवती जमतात.

आई लांब एका दगडावर बसली होती. ओवी एक तुकडा घेऊन तिच्याकडं धावली. आईनं तो घेतला, चष्मा वर केला, अंगठा आतून आणि तर्जनी बाहेरून ठेवून काठावरून फिरवली आणि म्हणाली, "हे कालवणाच्या मडक्याचं हाय. काठ बघ कसा बाहेर वळवलाय, फडक्यानं धरून उतरवायला." तक्ता नाही, काही नाही. दुसरा तुकडा दिला. "हे परळाचं." तिसरा जाड, खडबडीत. "रांजणाचं पोट असंल." चौथ्याच्या बाहेरच्या अंगाला काळा थर होता. तो आईनं नखानं किंचित खरवडला आणि बोट आमच्यासमोर धरलं. बोटाला काजळी लागली होती. आई म्हणाली, "चुलीवरचं हाय."

शिक्षकबाई तक्ता बाजूला ठेवून आईजवळ येऊन बसल्या. मग पुढचा पाऊण तास सगळी मुलं खापरं आणून आईच्या पदरात टाकत होती आणि आई एकेक हातात घेऊन त्याचं नाव सांगत होती. घागर, गाडगं, झाकणी, उतरंडीतलं मधलं. तिच्या माहेरी स्वयंपाकघरात सात-सात मडक्यांच्या उतरंडी होत्या, हे तिनं तेव्हा सांगितलं. मी तिची मुलगी, चाळिशी ओलांडलेली, मला हे माहीत नव्हतं. स्टीलच्या डब्यांआधीच्या त्या घराला तिचे हात कधीचे विसरले असतील, असं मी धरूनच चालले होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईनं चुलीवरून उतरवलेल्या मडक्याचा काठ माझ्या आईच्या बोटांना ओळखीचा होता. या एका गोष्टीसाठी मी त्या दिवसाची जन्मभर ऋणी राहीन.

एक तुकडा मी बराच वेळ हातात धरून होते. बाहेरून गुळगुळीत, आतून बारीक रेघांचा. चाकावर फिरताना कुंभाराची बोटं आतून वर सरकली, त्यांच्या त्या रेघा. एका ठिकाणी बोट अडखळलं होतं, बहुतेक खडा लागला असेल, आणि तिथं रेघ जराशी तुटून पुढं गेली होती. मी माझं बोट त्या खाचेत ठेवलं. नीट बसलं. बाहेरची बाजू गिऱ्हाइकासाठी घासूनपुसून साफ केली जाते, आतली कोण बघतो? म्हणून ती रेघ राहिली. नाव नाही, गाव नाही, बोट मात्र तिथंच. मी ते खापर पालथं करून, जसं होतं तसं, जागेवर ठेवलं. ठेवताना कुणाचा तरी हात सोडल्यासारखं झालं.

जेवणानंतर गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलो. तेरणेला पाणी थोडंच होतं. समाधीपाशी टाळ वाजत नव्हते, गर्दी नव्हती. एक म्हातारा भिंतीला टेकून माळ ओढत बसला होता. ज्या घरात ते राहिले असं सांगतात, जिथं ते माती तुडवत होते, तिथंही गेलो. ती गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी ती पुन्हा सांगणार नाही. मला ती सांगवत नाही.

लहानपणी आमच्या गावातल्या सप्त्यात कीर्तनकार ही कथा हमखास लावायचे. काका विठ्ठलाच्या नामात रंगलेत, पायाखाली माती आहे, आणि रांगतं बाळ तिकडं निघालंय, इथवर आलं की मंडपात चिडीचूप व्हायचं. आणि त्याच वेळी माझी आजी उठायची. "दूध उतू जाईल," असं पुटपुटत, बायकांच्या रांगांमधून लुगडं सावरत घराकडं चालू पडायची. पुढं पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात काकांना हात परत फुटतात, बाळ रांगत येतं, सगळे टाळ्या पिटतात, पण आजीनं तो भाग कधीच ऐकला नाही. मला वाटायचं, किती वेडी आहे, शेवट गोड आहे ना! दुधाचं काय एवढं? त्या वेळी चुलीवर दूध नसायचंच, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

तेरहून परत येताना आईनं सांगितलं. आजीचं पहिलं मूल दीड वर्षाचं होऊन तापानं गेलं होतं. माझ्या वडिलांच्या आधीचं. म्हणजे माझा थोरला काका, जो दीड वर्षाचाच राहिला. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. आमच्या वरच्या रानाच्या बांधाला, लिंबाखाली त्याला ठेवलं. दर अक्षय तृतीयेला पितरांची करा-केळी, म्हणजे पाण्याची मातीची भांडी, भरून झाली की आजी एक वेगळी, अगदी लहान केळी पाण्यानं भरायची आणि एकटीच वरच्या रानात जाऊन यायची. आजी गेल्यावर ते आई करते. पस्तीस वर्षं आमच्या घरात हे चालू होतं आणि मी त्याला 'अक्षय तृतीयेचं काहीतरी' समजत होते. "तिनं कधी सांगितलं नाही," आई म्हणाली. "मला पण एकदाच सांगितलं. केळी हातात देताना."

गाडीत पुढं कुणी काही बोललं नाही. ओवी माझ्या मांडीवर झोपली होती. नखांत माती, केसांत माती.

तेव्हा मला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहिलेले इनामगावचे कुंभ आठवले. घोड नदीच्या काठचं ते गाव तेरहून किती तरी जुनं, इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं. तिथं सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८पासून पुढं बरीच वर्षं उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली. दोन कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून, आणि त्यांच्या पोटात लेकरू. गावाबाहेर नाही, नदीकाठी नाही. जिथं चूल, जिथं अंथरूण, त्याच घरात, भुईखाली. कॉलेजात असताना मी ते पाहिलं तेव्हा 'अंत्यविधीचा प्रकार' म्हणून वहीत लिहून घेतलं होतं. त्या रात्री गाडीच्या अंधारात मला पहिल्यांदा त्या घरातली बाई दिसली. ती जमीन सारवायची असेल. रोज, त्याच जागी. तिच्या गावात कीर्तन नसेल, तरी काही ना काही ऐकून ती मध्येच उठून जात असेल.

पण मी कुंभाराच्या अंगणातलं अजून सांगितलंच नाही.

अंगणभर सुगडं वाळत होती. शे-दोनशे तरी असतील, पोराटोरांच्या वर्गासारखी ओळीनं मांडलेली. एका कोपऱ्यात माती भिजत घातलेली, तिच्यात लीद आणि राख कालवलेली, त्यामुळं गोठ्यासारखा उबदार वास. मामा साठीचे असतील. चाकाला आता मोटार आहे, पण काठीनं फिरवायचं जुनं चाक त्यांनी मुलांसाठी मुद्दाम काढलं होतं. मातीचा गोळा मधोमध बसवला, ओल्या हातांनी दाबला, दोन्ही अंगठे आत घातले, आणि बघता बघता सुगड वर आलं, जणू आत दडूनच बसलं होतं. ओल्या दोऱ्यानं बुडाशी कापून त्यांनी ते अलगद उचललं. दीड मिनिटसुद्धा लागलं नसेल. मोठी मडकी मात्र चाकावर पुरी होत नाहीत. जरा सुकली की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत पोट वाढवायचं. ते थापटणं त्यांनी माझ्या हातात दिलं. हाताच्या पकडीनं त्याची मूठ पार झिजली होती.

काळी सुगडं कशी करता, असं मी विचारलं. रंग लावत असतील असं वाटलं होतं. "रंग कशाचा? आव्यात धूर कोंडायचा," मामा म्हणाले. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. वरून माती लिंपून हवा बंद केली की आतलं लाल काळं पडतं. सकाळी पांढरीवर पाहिलेली ती काळी-तांबडी खापरं मला आठवली. शिक्षक म्हणाले होते, भांडी पालथी घालून भाजली की आत हवा पोचत नाही, म्हणून आतून काळी आणि बाहेरून तांबडी होतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राजांचं नाव मामांनी कधी घेतलं नसेल, पण धुराचं काम ते तसंच करतात. आणि आवा झाकायला काय वापरतात? फुटकी खापरं. आधीच्या आव्यात मोडलेली मडकी नव्या मडक्यांवर पांघरूण म्हणून रचायची, त्यावर राख. मला हे बघून इतकं बरं वाटलं, की मी उगीचच त्या खापरांच्या ढिगाजवळ जाऊन उभी राहिले.

मग ओवीची पाळी, मग तिचं ते कललेलं मडकं, आणि मग मामांचे ते दोन तळवे.

"ताई, बूड जाड झालंय, अंग पातळ झालंय, मधी हवा ऱ्हायलीय," माझा चेहरा बघून मामांनी समजावलं. "आव्यात फुटंल. नुसतं फुटणार न्हाई, शेजारची धा घिऊन जाईल." मी म्हटलं, भाजायचं नाही, असंच नेलं असतं, आठवण म्हणून. मामा हसले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "कच्चं हाय तवरच मोडावं. भाजल्यावर मोडलं की खापर होतं, माती होत न्हाई."

शिक्षकांनी नंतर त्याचं कारण सांगितलं. साधारण सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, आणि एकदा ते गेलं की ती माती कितीही भिजवा, परत चिखल होत नाही. पांढरीवरची खापरं दोन हजार पावसाळे खाऊन तशीच आहेत ती त्यामुळं. हे ऐकताना मला गोरोबाकाकांची दुसरी गोष्ट आठवत होती, थापटण्याची. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाई विचारते हे काय, काका म्हणतात कच्चं-पक्कं मडकं ओळखायचं साधन, आणि मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं वाजवत जातात. नामदेव रागावतात आणि कच्चे ठरतात. बाजारात आजीही मडकं असंच बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायची. टणत्कार आला तर पक्कं, बद्द वाजलं तर परत खाली. लहानपणी मला नामदेवांचं फार वाईट वाटायचं. सगळ्यांसमोर कच्चं म्हणणं म्हणजे केवढा अपमान! पण कच्चे निघाले म्हणून तर ते औंढ्याला विसोबा खेचरांना गुरू करायला गेले. पक्के निघाले असते तर जिथं होते तिथंच बसले असते. कुंभाराच्या तोंडी 'कच्चं' हा दोष नसावाच. अजून हात घालता येतो, एवढंच त्याला म्हणायचं असेल.

मी ओवीचं सगळं ठेवते. पहिलं जावळ, पहिला दात, बालवाडीतली रेघोट्यांची पानं, तापात असताना तिनं चावून ठेवलेला चमचासुद्धा. फोटोंनी फोन भरून जातो आणि मी नवीन जागा विकत घेते. मला वाटतं, हे सगळं भाजून पक्कं करून ठेवायचंय मला. सात वर्षांची ओवी मडक्यासारखी फडताळावर. आणि ती तर हातातल्या हातात मोडून पुन्हा घडते आहे, मला न विचारता, रोज. त्या दिवशी तळव्यांत चेपलं गेलं ते मडकं नव्हतं माझ्या लेखी, म्हणून रडू आलं असेल. की आजीचं ते उठून जाणं माझ्या अंगात कुठंतरी मुरलेलं आहे आणि मातीखाली काही दाबलं जाताना बघवत नाही, म्हणून? दोन्ही असेल.

निघताना मामांनी ओवीला भिजल्या गोणपाटात बांधून मातीचा मोठा गोळा दिला. घरी आल्यावर तो दगडासारखा वाळला. फेकून देऊ म्हटलं तर ती ऐकेना. एका रात्री तिनं ओट्यावर दोन वाडगी पाणी ठेवलं. एकात वाळलेल्या गोळ्याचा ढेकूळ, दुसऱ्यात आमच्या फुटक्या कुंडीचा तुकडा. ढेकळातून बुडबुडे निघायला लागले, कडा ढासळायला लागल्या, आणि स्टुलावर उभी राहून ती ते बघत राहिली. सकाळी एका वाडग्यात लोण्यासारखा चिखल होता आणि दुसऱ्यात कुंडीचा तुकडा, जसाच्या तसा. "आई, हा आता कायमचा तुकडा," तिनं मला सांगितलं. उरलेला गोळा तिनं झाकणाच्या बादलीत भिजत घातला. तेव्हापासून बाल्कनीत तिचं रोज काहीतरी बनतं आणि रोज मोडतं. बैल, पोळपाट, ते हत्तीच्या पाठीचं देऊळ. मी आता फोटो काढत नाही. म्हणजे, कमी काढते.

अक्षय तृतीयेला आम्ही गावी होतो. आईनं करा-केळी भरली, मग ती लहान केळी भरली. ओवीनं विचारलं ही कुणाची, आणि आईनं तिला सरळ सांगितलं, तुझ्या थोरल्या आजोबांची, ते तुझ्यापेक्षाही लहान आहेत. ओवीनं यावर काही वेळ विचार केला आणि पिशवीतून स्वतः केलेलं एक बोळकं काढलं. अंगठ्याएवढं, कच्चं, वाळलेलं. मी म्हणणार होते की यात पाणी राहणार नाही. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी गप्प बसले. वरच्या रानात लिंबाखाली आईनं केळी ठेवली आणि तिच्याशेजारी ते बोळकं, आत चार फुटाणे आणि गुळाचा खडा घालून. ऊन रणरणत होतं. परत फिरताना आईनं लिंबाच्या बुंध्याला हात लावला, जसा ती दाराला कुलूप लावल्यावर एकदा लावून बघते.

परवा मृगाचा पहिला पाऊस झाला आणि आईचा फोन आला. सोयाबीनचं बियाणं महागलंय, भावानं वरच्या रानात पाळी घातली, विहिरीला थोडं पाणी आलंय. मग म्हणाली, "आणि ओवीला सांग, बोळकं गेलं. काल बघून आले. केळी हाय तिथंच."

मी ओवीला सांगितलं. तिनं विचारलं, "कुठं गेलं?"

"तिथंच."

तिनं मान हलवली आणि बाल्कनीत जाऊन बादलीचं झाकण काढून पाहिलं, माती अजून ओली आहे ना ते.